डावा बूट, अर्धा नंबर मोठा

"फोटो आहे माझ्याकडे," स्टॅन म्हणाला. तळलेल्या माशाची ताटली बाजूला सारून त्याने मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला. "हा आपला केटरिंग. हा सॅन डिएगो संघाचा अध्यक्ष. दोघं एकाच कॉलेजच्या टीममध्ये. आणि हे लग्न कुणाचं? केटरिंगच्या बहिणीचं. आता बोला."

ईस्टरआधीच्या उपवासकाळातला चौथा शुक्रवार होता. चर्चच्या तळघरातली लांब टेबलं भरून गेली होती. बायका आतून माशाच्या आणि बटाट्याच्या धिरड्यांच्या ताटल्या आणत होत्या. टेबलावरच्या सात-आठ जणांनी फोटोकडे एकदा पाहिलं आणि मग सगळ्यांच्या नजरा चेट पियोंटेककडे वळल्या. तो कोबीच्या कोशिंबिरीत काटा फिरवत बसला होता.

चेट एकसष्ट वर्षांचा होता. त्यातली चौतीस वर्षं त्याने 'बफेलो मिलर्स' या बास्केटबॉल संघाचं सामान सांभाळण्यात घालवली होती. सामान म्हणजे बूट, मोजे, गणवेश, टॉवेल आणि या सगळ्याची धुलाई.

"तू आतला माणूस," स्टॅन म्हणाला. तो चेटच्या बायकोचा, लोरेटाचा, धाकटा भाऊ. पोलादाचा कारखाना बंद पडल्यापासून तो शाळेची बस चालवायचा आणि दर मंगळवारी रेडिओवरच्या कार्यक्रमात फोन करून मिलर्सच्या लोकांचा उद्धार करायचा. "एकतीस गुणांची सरासरी असलेला व्हिटलो देऊन टाकायचा. बदल्यात काय? एक पाठदुखीवाला, तो सूट घालून बाकावर बसतो. एक लिथुआनियाचा, त्याला बास्केट कुठे आहे ते दिसत नाही. आणि तीन वर्षांनी दुसऱ्या फेरीत कुणीतरी नवा खेळाडू निवडायचा हक्क. माझ्या बसमधली पहिलीतली मुलं डब्यातल्या खाऊचे यापेक्षा बरे सौदे करतात. खरं सांग चेट, केटरिंगला काय मिळालं?"

"मी कपडे धुतो," चेट म्हणाला.

टेबल हसलं. चौतीस वर्षं तो हेच उत्तर देत आला होता आणि चौतीस वर्षं लोक हसत आले होते. कुणाचं लग्न मोडलं, कुणी प्रशिक्षकाच्या अंगावर धावून गेलं, कुणाला सकाळी दारूचा वास येत होता, यातलं अवाक्षर त्याच्याकडून कधी बाहेर गेलं नव्हतं. अलीकडे मात्र ते वाक्य उच्चारताना त्याला घोटभर पाणी प्यावं लागे.

सौदा होऊन पाच आठवडे झाले होते. या काळात सॅन डिएगोने सोळापैकी चौदा सामने जिंकले होते आणि मिलर्स सलग अकरा हरले होते. प्रेक्षक 'चोर' असे फलक घेऊन येऊ लागले. रॉस केटरिंग मिलर्सचा जनरल मॅनेजर, सौदे करणं त्याचं काम. त्याच्या गाडीची काच कुणीतरी फोडली. शेवटी लीगने चौकशीसाठी एक वकीलबाई पाठवल्या. त्या एकेकाला बोलावून विचारत होत्या. चेटची पाळी उद्या बाराला होती.

घरी जाताना गाडीत लोरेटाने विचारलं, त्यांना काय सांगणार आहेस. जे विचारतील ते, असं चेट म्हणाला. त्या विचारायच्या आधी मला सांगितलंस तर चालेल का, असं तिने विचारलं. त्याने काचेवरचा वायपर चालू केला. काच कोरडी होती.

*

एकोणीस वर्षांपूर्वी मिलर्सकडे ओडेल प्रॉक्टर नावाचा एक उंचापुरा मुलगा होता. एका जानेवारीत तो चेटच्या खोलीत आला आणि म्हणाला, डावा बूट अर्धा नंबर मोठा मागव, आणि डॉक्टरांना कळवू नकोस. चेटने बूट मागवला आणि तोंड बंद ठेवलं. अकरा आठवड्यांनी, आसपास कुणी नसताना, साधी उडी मारून खाली येताना ओडेलच्या पायाचं मधलं हाड मोडलं. बाकाच्या टोकाला बसलेल्या चेटला तो आवाज ऐकू आला होता. ओडेल तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तो पुन्हा खेळला नाही. आता ओहायोत विमा विकतो. दर नाताळला त्याचं कार्ड येतं. कार्डात तक्रार नसते, आणि चेटला तेच जड जातं.

यंदा जानेवारीत लमॉन्ट व्हिटलो त्याच दारात उभा राहिला.

"मिस्टर चेट, डावा बूट साडेपंधरा मागवाल? उजवा पंधराच. आणि हे डॉक्टरांच्या कानावर नको."

व्हिटलो अलाबामाचा. वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं त्याला जमत नसे. संघात चेटला 'मिस्टर' लावणारा तो एकटाच. नोव्हेंबरात त्याचा धाकटा भाऊ गाडीच्या अपघातात गेला होता. तो चार दिवस घरी जाऊन आला आणि पाचव्या दिवशी खेळला. त्यावर कुणी बोललं नाही, त्यानेही विषय काढला नाही.

चेटने बूट मागवला. त्या दिवसापासून त्याची नजर व्हिटलोच्या डाव्या पायावर खिळली. पाय जपून पडतोय असं वाटायला लागलं. जिना उतरताना तो कठडा धरतो, हे पूर्वी कधी दिसलं नव्हतं. जुन्या बुटाचा तळ उजेडात धरून पाहिला, तर बाहेरची कड जास्त झिजलेली वाटली. संशयाने एकदा डोळे कामाला लावले की ते रिकाम्या हाताने परत येत नाहीत. नऊ दिवस त्याने हे सगळं एकट्याने सोसलं. दहाव्या दिवशी तो तिसऱ्या मजल्यावर केटरिंगच्या खोलीत गेला. चौतीस वर्षांत पहिल्यांदाच, न बोलावता.

केटरिंगने सगळं ऐकून घेतलं. आणखी कुणाला सांगितलंत का, एवढंच विचारलं. मग चेट म्हणाला की पायाचा एक एक्स-रे काढून घ्यावा.

"एक्स-रे काढला की कागद तयार होतो," केटरिंग म्हणाला. "कागद तयार झाला की तो समोरच्या संघाला दाखवावा लागतो."

आपण एका पोराचा पाय वाचवायला वर आलोय, असं तोपर्यंत चेटला वाटत होतं. 'समोरचा संघ' हे शब्द ऐकले तेव्हा त्याला कळलं की आपण दुसऱ्याच कामाला आलो आहोत. त्याने तोंड उघडलंही. पण केटरिंग उठून दार उघडून उभा राहिला होता.

"तुम्ही वर आलाच नव्हता, चेट," तो म्हणाला. आवाजात धमकी नव्हती. उलट एखाद्यावर उपकार करावे तसा होता.

फेब्रुवारीत अदलाबदलीची मुदत गुरुवारी दुपारी तीनला संपत होती. सौदा पावणेतीनला झाला. गेलेल्या खेळाडूचं सामान बांधायचं काम चेटचंच. तो व्हिटलोचं कपाट रिकामं करत होता, तेवढ्यात व्हिटलो स्वतः आला. सहसा कुणी येत नाही. सामान मागाहून पेटीतून जातं.

"त्या डाव्या बुटात एक मोजा आहे," तो म्हणाला. "तेवढा माझ्या हातात द्या."

चेटने बुटात हात घातला. आत एक जाडसर लोकरी मोजा होता, मातकट लाल, पोटरीला पिवळी पट्टी. टाच दोनदा रफू केलेली.

"भावाचा आहे. त्याच्या शाळेच्या टीमचा," व्हिटलो म्हणाला. "नोव्हेंबरपासून आतून घालतो, आपल्या मोज्याच्या खाली. घरूनच घालून यायचो. दोन महिने पाय आवळून खेळलो. म्हणून तुम्हाला मोठा बूट मागितला. डॉक्टरला कळलं असतं तर त्याने विचारलं असतं, आणि मला कुणाला सांगता आलं नसतं." त्याने मोजा घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. "तुम्ही कुणापाशी बोलला नाहीत. ते मी विसरणार नाही, मिस्टर चेट."

त्याने हात पुढे केला. चेटने तो हातात घेतला. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून सतरा मिनिटं झाली होती.

*

शनिवारी सकाळी सॅन डिएगोचा संघ सरावाला आला. रविवारी दुपारी त्यांचा मिलर्सशी सामना होता. पाहुण्या संघाचे कपडेही यजमानांकडेच धुतले जातात, त्यामुळे चेट त्यांच्या खोलीत टॉवेल ठेवत होता. व्हिटलो आत आला, चेटला पाहून हसला, आणि सराव संपल्यावर सगळे निघून जाईपर्यंत मागे थांबला. मग त्याने तो मोजा काढून दिला.

"तिकडे सहा माणसं आहेत धुलाईला. एकाचंही नाव मला माहीत नाही," तो म्हणाला. "हॉटेलात मीच धुतो, बेसिनमध्ये. पण आटायला लागलाय."

"पिळतोस का?"

"मग? पाणी कसं जाणार?"

"लोकर पिळायची नाही. कोरड्या टॉवेलवर आडवी ठेवायची, टॉवेल गुंडाळायचा आणि दाबायचं. पाणी टॉवेल पितो."

"माझी आजी असंच काहीतरी सांगायची."

"आजीचं ऐकायचं असतं."

व्हिटलो हसला, म्हणाला, उद्या सामन्याआधी बुटात ठेवा, आणि निघून गेला. चेटने मोजा गार पाण्यात, साबणाच्या साध्या वडीने धुतला. टॉवेलात दाबला आणि गरम पाण्याच्या पाइपजवळ, पण पाइपला लागू न देता, वाळत टाकला. हात पुसत तो वळला.

मागे केटरिंग उभा होता. मिलर्सकडच्या तीन वर्षांत तो धुलाईच्या खोलीत कधी उतरला नव्हता. मशीनच्या आवाजात त्याचं बोलणं ऐकायला चेटला जवळ जावं लागलं. केटरिंगची दाढी नीट झाली नव्हती.

त्याने सांगितलं की आपण चेटचं नाव कुठेही घेतलेलं नाही आणि घेणारही नाही. मग घोळवत घोळवत मुद्द्यावर आला. पायात खोट आहे असं वाटून खेळाडू विकला आणि ते लपवलं, हे सिद्ध झालं तर लीग मिलर्सचे पुढच्या दोन वर्षांचे खेळाडू निवडायचे हक्क काढून घेईल. संघ उठून दुसऱ्या शहरात जायला मालकाला निमित्तच हवं होतं.

"आणि नाही बोललो तर?" चेटने विचारलं.

"तर मी मित्राला फुकट खेळाडू दिला. पुरावा मिळणार नाही, संशय राहील. उन्हाळ्यात मला काढतील." केटरिंगने पाइपजवळच्या मोज्याकडे पाहिलं, पण त्याला तो नुसता मोजा दिसला. "आमच्या धंद्यात लबाडाला पुन्हा नोकरी मिळते, चेट. धोब्याच्या सांगण्यावरून एकतीस गुणांचा माणूस विकणाऱ्याला मिळत नाही."

तो जायला वळला. मग मागे न पाहता म्हणाला, "त्याचा पाय ठीक कसा काय निघाला? तुम्ही तर नीट पाहिलं होतं."

चेटने मोजा पाइपपासून आणखी वीतभर दूर सरकवला. मशीन थांबलं होतं, तरी केटरिंगने उत्तराची वाट पाहिली नाही.

*

वकीलबाईंचं नाव बेथ लिंडग्रेन. त्या पन्नाशीच्या, शांत होत्या. टेबलावर तीन कागद होते. बसायला सांगून त्यांनी पहिले दोन उगाच चाळले आणि तिसरा चेटपुढे सरकवला.

"बूट कंपनीला पाठवलेली मागणी. चौदा जानेवारी. उजवा पंधरा, डावा साडेपंधरा. सही तुमची आहे, मिस्टर पियोंटेक?"

"हो."

"त्याआधी दोन वर्षं दोन्ही पंधरा. त्यानंतर चार आठवड्यांत खेळाडू गेला. डावा का वाढला?"

चेट खिडकीकडे पाहत राहिला. तळ्यावरचा बर्फ काठाशी काळा पडला होता. व्हिटलो आत मोज्यावर मोजा घालायचा: हे एवढंसं वाक्य, तेही खरं. ते बोललं की पायात खोट नव्हती हे ठरत होतं, लपवलं असं काही राहत नव्हतं. संघ वाचत होता, नोकरी वाचत होती आणि तिसऱ्या मजल्यावर कोण गेलं होतं ते कुणी विचारणार नव्हतं. केटरिंग मात्र चोर ठरत होता. आणि ते वाक्य चेटचं नव्हतंच. ते कोटाच्या आतल्या खिशातून त्याच्यापाशी विश्वासाने आलं होतं.

"व्हिटलोने मागितला. मी मागवला," तो म्हणाला.

"कारण विचारलंत?"

"नाही. मी कपडे धुतो."

बाई हसल्या नाहीत. चौतीस वर्षांत त्या वाक्याला कुणी हसलं नाही असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि विचारलं, "या बुटाबद्दल तुम्ही कुणाला काही बोललात?"

पाण्याचा पेला त्याच्यापुढेच होता. त्याने तो उचलला आणि न पिता खाली ठेवला.

"बोललो," तो म्हणाला. "केटरिंगना. पाय जाणार असं मला वाटलं होतं. मी वर जाऊन तसं सांगितलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मित्रबित्र काही नाही त्यात. त्यांनी व्हिटलोला विकलं, कारण मी म्हणालो की त्याचा पाय जाणार."

बाईंनी टोपण काढलं, पण लिहिलं नाही. याचे परिणाम काय होतील ते लक्षात येतंय ना, असं त्यांनी विचारलं. वकील हवा असेल तर आपण थांबू.

"नको. थांबलो तर परत बोलणार नाही."

मग त्या लिहायला लागल्या. तारीख, वेळ, केटरिंगचे शब्द, दार. एक्स-रेचं वाक्य त्यांनी दोनदा म्हणायला लावलं. शेवटी विचारलं, "आणि पायाला प्रत्यक्षात काय झालं होतं?"

"काही नाही. मी चुकलो."

"मग मोठा बूट कशाला लागला?"

"ते व्हिटलोला विचारा. ती त्याची गोष्ट आहे."

व्हिटलोला त्यांनी तीन वाजता बोलावलं होतं. आपण काय सांगितलं ते तिथे त्याला कळणार, हे चेटला माहीत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर त्याने लोरेटाला सगळं सांगितलं, ओडेलपासून. मोजा तेवढा वगळला. ती ऐकताना टेबलावरचा चुरा बोटाने गोळा करत होती. स्टॅनला कळलं तर तो तुझ्याशी बोलणार नाही, असं ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मीच सांगते त्याला. तुझ्याकडून ऐकलं तर रेडिओवर फोन करेल."

सात वाजता कार्यालयातून निरोप आला. उद्याच्या सामन्याचं काम करा. सोमवारी किल्ल्या जमा करा.

*

रविवारी सामन्याआधी चेटने वाळलेला मोजा व्हिटलोच्या डाव्या बुटात ठेवला आणि खोलीबाहेर गेला.

व्हिटलो मैदानात आला तेव्हा अठरा हजार माणसं उभी राहिली आणि दोन मिनिटं बसली नाहीत. 'चोर' लिहिलेले फलक तिसऱ्या मजल्याच्या काचेकडे रोखलेले होते. वरच्या रांगेत स्टॅनची निळी टोपी दिसत होती. तो या वेळी ओरडत नव्हता. गुडघ्यांवर हात ठेवून खाली बाकाच्या टोकाकडे, चेटकडे, पाहत होता. व्हिटलोने अडतीस गुण केले. डावा पाय तो इतका सहज टाकत होता की चेटला तिकडे पाहवेना.

सॅन डिएगोचं विमान सोमवारी होतं, म्हणून सामन्यानंतर त्यांचे कपडे धुवायचे होते. प्रत्येक खेळाडू घामाचे कपडे आपल्या नंबरच्या जाळीच्या पिशवीत घालून दाराशी टाकतो. चेट पिशव्या गोळा करत खोलीत फिरला. पत्रकार येऊन गेले, खेळाडू एकेक करून बसकडे गेले. व्हिटलो शेवटी उरला. आपली चौदा नंबरची पिशवी त्याने स्वतः आणून चेटच्या हातात दिली.

"मिस्टर पियोंटेक," तो म्हणाला आणि बेसिनकडे गेला.

चेटने पिशवी उघडली. मोजून घ्यायची ही रोजचीच सवय. बनियन, चड्डी, आतली चड्डी, मोजे दोन, व्हिटलो मिलर्सकडे असताना चेट आणायचा त्याच बनावटीचे. लाल मोजा त्यात नव्हता. पलीकडे नळ सुरू झाला. व्हिटलोची पाठ होती. बेसिन त्याच्या उंचीला फार खाली होतं, त्यामुळे त्याला वाकावं लागत होतं. पाण्यात लाल रंग किंचित उतरला होता.

चेटने ढिगातून एक कोरडा टॉवेल काढला, बेसिनच्या कडेला ठेवला आणि पिशव्यांची गाडी ढकलत धुलाईच्या खोलीत गेला. पंधरा पिशव्या मशीनमध्ये भरल्या, साबण मोजून घातला, तापमान लावलं.

परत आला तेव्हा खोली रिकामी होती. नळ नीट बंद केलेला होता, बेसिन पुसलेलं होतं. टॉवेल बाकावर होता. आधी गुंडाळून मग उलगडलेला, आणि मधोमध ओलसर, लांबट पावलाची खूण, टाचेपाशी जरा रुंद.

चेटने तो उचलला, ओल्या जागेवर एकदा तळहात ठेवला. मग बाकीच्या टॉवेलांबरोबर दुसऱ्या मशीनमध्ये टाकला, झाकण लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा मोजायला बसला.